शरीर साथ देईना आणि छंद सुटेना – तुम्ही काय करता?

सुईदोरा (पाचपाखाडी, ठाणे)

मी कर्नाटकी कशिदा करते. लग्नाआधी सोलापूरला असताना शेजारच्या काकूंनी शिकवला, गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे चारही टाके. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत मोजत गोपूर, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती उमटवायचे. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंती टाका नीट पडला तर कापड उलटं केलं तरी नक्षी तीच दिसते. इरकलीवर हे काम उतरतं तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

आता आमवाताने हात धरलेत. औषधं चालू आहेत, आजार आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात. पण उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची चिमूट घट्ट बसत नाही. सुई कापडात जाते, पलीकडून ओढताना निसटते. चार टाक्यांनंतर अंगठ्याच्या बुडाशी ठणका सुरू होतो.

घरचे काळजीपोटी म्हणतात, पुरे आता, डोळ्यांना आणि हातांना विश्रांती दे. मैत्रिणी म्हणतात, आता तू शिकव. शिकवणं चांगलंच आहे, पण मला शिकवायचं नाहीये, मला करायचंय.

तर ज्यांना असं काही ना काही दुखणं आहे त्यांना विचारते. छंद बदललात, की त्याच छंदात काही वाट काढलीत? आणि बदलला असेल तर जुन्याची आठवण छळत नाही का?

पारसिकचा वारा

वाचतेय. माझं दुखणं पाठीचं, पण प्रश्न हाच.

हळूहळू (ऐरोली)

सुईदोरा ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तुमचा हात न बघता उपचार सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण कामाची पद्धत कशी बदलायची यावर थोडं लिहिते.

चिमूट ही हाताची सगळ्यात महागडी पकड आहे. बोटांच्या टोकाशी थोडासा जोर लावला तरी अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर त्याच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून ठणका तिथे येतो. जिथे जिथे चिमूट लागते तिथे तिथे ते काम पूर्ण मुठीकडे नेता येतं का, हे बघायचं.

पहिलं, कापड ताणून धरायची रिंग हातात धरणं बंद. टेबलाच्या कडेला अडकवायचा स्टँड मिळतो. डावा हात मोकळा झाला की एक हात वर, एक खाली असं काम करता येतं आणि मनगट वाकत नाही.

दुसरं, सुई ओढण्यासाठी रबरी हातमोज्याचं बोट कापून तर्जनीवर चढवा. सुई घसरत नाही, त्यामुळे आवळून धरावी लागत नाही. तेही जमलं नाही तर सर्जिकल सामानाच्या दुकानात आर्टरी फोर्सेप मिळतो. कात्रीसारखी कडी असते, दाबलं की लॉक होतो. सुईचं टोक त्यात पकडायचं आणि अख्ख्या हाताने ओढायचं. चिमूट लागतच नाही.

कात्रीच्या आणि पेनच्या दांड्यावर एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम चढवा. एसी दुरुस्तीवाल्याकडे तुकडा मागितला तरी देतात.

वेळेचं म्हणाल तर आमवातात सकाळचा ताठरपणा जाईपर्यंत सुई हातात घेऊ नका. आणि एक साधा नियम आम्ही सगळ्यांना सांगतो: काम थांबवल्यावर दोन तासांनीही दुखणं जास्तच असेल तर त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण हात चांगला चालत असताना उठायचं जिवावर येतं.

नौपाडकर

माझं मत थोडं वेगळं आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

मी तबला वाजवायचो. हौशीच, पण गंभीरपणे. पक्षाघातानंतर डावा हात परत आला तो अर्धाच. चहाचा कप धरतो, पण डग्ग्यावर मनगट घासून जी मींड काढायची ती निघत नाही. उजवा हात ठणठणीत आहे. लोक म्हणाले, फक्त दायाँ वाजव, इलेक्ट्रॉनिक डग्गा लाव, अमुक कर. बरेच दिवस केलं. प्रत्येक रियाजाला बसताना हात काय करू शकत नाही याचीच उजळणी व्हायची. उठताना मन कडू.

मग एके दिवशी जोडी कपड्यात बांधून भाच्याला दिली. त्याच्या हातून वाजते ती ऐकतो. आता मी जुनी ध्वनिमुद्रणं लावून कायदे आणि रेले, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या रचना, वहीत लिहून काढतो, कोणत्या बोलाला कुठे वजन आहे ते खुणा करून. तबला वाजवणारी पोरं ती वही मागायला येतात. छळते का आठवण? हो, कुणी चांगला 'धिरधिर' वाजवला की छळते. पण रोज छळायची ती आता कधीतरी छळते.

तेव्हा वाट काढावी हे बरोबर, पण सोडण्यालाही मान असू द्या. सोडणारा हरला असं समजू नका.

पायपेटी (तुर्भे)

नौपाडकर काका, तुमचं पटलं, तरी माझी गोष्ट सांगतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेसवर होतो. डाव्या हाताची तीन बोटं गेली. मी भजनी मंडळात पेटी वाजवायचो. उजवा हात सूर धरतो, पण भाता कोण मारणार? आधी पुतण्या मागे बसून भाता हलवायचा. लय माझी, हवा त्याची, आणि त्याचा मोबाइल वाजला की अभंग मध्येच गुदमरायचा. हसून पुरेवाट व्हायची.

मग एका जुन्या कीर्तनकार बुवांनी सुचवलं की पायपेटी घे. पायाने भाता मारायचा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांत साथीला हाच असायचा. पाय दोन्ही शाबूत होते, बोटं पाच होती. जुनी मिळवली, पुण्याहून दुरुस्त करून आणली. वजन प्रचंड, मंडळाच्या खोलीतच ठेवलीय. खुर्चीवर बसून वाजवतो. आधी मांडी घालून बसायचो, आता सगळे वारकरी खाली आणि मी वर, याचा संकोच वाटायचा. मंडळातल्या एका आजींनी सांगितलं, पांडुरंग विटेवर उभा आहे, तू खुर्चीवर बस.

सुईदोरा

काका, तुमच्या प्रतिसादाने डोळ्यांत पाणी आलं. सोडण्याला मान, हे मी असं कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पायपेटी, त्या आजींना माझा नमस्कार.

हळूहळू ताई, आर्टरी फोर्सेप! माझ्या डोक्यात हे आलंच नसतं. उद्याच आणते.

खारघरची टेकडी

माझा छंद गड चढण्याचा होता. नाणेघाट, हरिश्चंद्रगड, रतनगड, सगळं पायाखालचं. दोन्ही गुडघ्यांची कूर्चा झिजली. उतार तर अजिबात नको असं सांगितलंय.

मला एक गोष्ट उशिरा कळली. चढणं मला आवडायचं, पण त्याहून पहाटे उठून शहराबाहेर उभं राहणं आवडायचं. गार हवा, आवाज नाही, समोर काहीतरी मोठं. ते मिळायला गड लागतोच असं नाही. मग पक्षी बघायला लागले. नोव्हेंबर ते मे खाडीत रोहित पक्षी येतात, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. आपल्या दारात आहे आणि आपण रविवारी मॉलमध्ये जातो!

गुडघेवाल्यांसाठी सूचना. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, पण चढता-उतरताना आधाराला माणूस हवा, एकट्याने जाऊ नका. बोट नको असेल तर नेरुळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूने जमिनीवरून दिसतात. ओहोटीला पक्षी चिखलात लांबवर पांगून चरतात, भरतीचं पाणी चढलं की कडेच्या पाणथळीत गोळा होतात, म्हणून भरतीची वेळ बघून जा. घडीचं स्टूल न्या. दुर्बिणीने हात भरून येत असतील तर एका पायाचा स्टँड लावा.

जाता येत नाही अशा दिवशी बाल्कनी. तांबट, दयाळ, भारद्वाज, सगळे आवाजावरून ओळखता येतात. मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, आवाज ऐकून पक्षी सांगतं. शहरात कधीकधी रिक्षाच्या करकरीलाही पक्षी समजतं, तेव्हा कान आपला वापरायचा.

राबोडीची रश्मी

आमच्या घरी सुईत दोरा ओवायचं काम ह्यांच्याकडे. मला चाळिशीनंतर दिसत नाही आणि मी ओवणीयंत्र मुद्दाम आणत नाही, कारण दिवसातून तेवढीच दहा मिनिटं ते पेपर बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसतात.

चित्रकथी

सुईदोरा ताई, रेन्वार हा फ्रेंच चित्रकार तुमच्याच आजाराचा होता. साधारण १८९२ पासून आमवात, शेवटी बोटं तळहातात वळलेली, चाकांची खुर्ची. तरी १९१९ मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिला. मदतनीस त्याच्या हातात ब्रश द्यायचे. आपल्याकडे चंद्रशेखरचं बघा, लहानपणी पोलिओने उजवा हात बारीक झाला आणि त्याच हाताने ५८ कसोटींत २४२ बळी. मनात असलं की होतं.

गोल्डन नाक्याची गौरी

चित्रकथी, माहितीबद्दल धन्यवाद, पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे.

मला लहानपणापासून पोलिओ आहे, पायाला आधाराचा कॅलिपर लावते. 'मनात असलं की होतं' हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. ज्याचं होत नाही त्याच्या मनात नव्हतं, असा त्याचा अर्थ निघतो. रेन्वारच्या हातात ब्रश द्यायला माणसं होती हे तुम्हीच लिहिलंत. नाव आणि पैसा होता म्हणून माणसं होती. आमच्याकडे रॅम्प हवा, आधाराला कठडा हवा, आणि मदत मागितली तर तोंड वाकडं न करणारं कुणीतरी हवं.

मला नाटकं प्रचंड आवडतात. जवळच्याच एका नाट्यगृहात मी फोन करून विचारलं, पायऱ्या किती? उत्तर आलं, "फारशा नाहीत." प्रत्यक्षात बाल्कनीचं तिकीट, कठडा एकाच बाजूला आणि तोही माझ्या चुकीच्या बाजूला. पहिला अंक श्वास घेण्यात गेला. आता मी विचारायची पद्धत बदललीय. पार्किंगपासून खुर्चीपर्यंत मध्ये काय काय आहे ते एकेक सांगायला लावते, खालच्या मजल्यावरची कडेची खुर्चीच घेते आणि स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे ते आधी विचारते. तिकीट काढणाऱ्या मुलाला कंटाळा येतो. येऊ दे.

चित्रकथी

गौरी, तुमचं म्हणणं मान्य. उत्साहाच्या भरात लिहिलं. कठड्याची बाजू कुणाला कोणती लागेल हा विचार मी कधी केला नव्हता.

शिल्पा वाशी

बाबांसाठी विचारतेय. बाबांना पार्किन्सन्स आहे, वय ७४. सागर विहारला बसून जलरंगात खाडी रंगवायचे. आता हात थरथरतो म्हणून रंगपेटी माळ्यावर टाकायला सांगितली. मी अजून टाकलेली नाही. काय करू?

हळूहळू (ऐरोली)

शिल्पा, टाकू नका. गोळीचा परिणाम चढलेला असतो तेव्हा हात बराच मोकळा असतो. दिवसभरात तो काळ कधी येतो ते काही दिवस वहीत टिपा आणि रंगकाम तेव्हाच ठेवा. कोपर आणि मनगट टेबलावर टेकू द्या. बारीक ब्रश बाजूला, मोठा चपटा ब्रश आणि मोठा कागद. काहींना वजनदार ब्रश बरा पडतो, काहींना नाही, करून बघावं लागतं. पाण्याचं भांडं रुंद बुडाचं घ्या म्हणजे सांडून मन खट्टू होत नाही.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकार आले, त्यात पार्किन्सन्स आहे. प्रमाणपत्राबद्दल सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

कागदी होडी

जलरंग तर उलट सोयीचे! कागद आधी ओला करून घ्यायचा आणि रंग त्यात सोडायचा. कड आपोआप विरघळते, खाडीचं धुकं तसंच येतं. थरथर तिथे दिसतच नाही.

शिल्पा वाशी

हे बाबांना वाचून दाखवलं. "ओल्या कागदावर आकाश मी नेहमीच करायचो" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पण नंतर कागद कुठे ठेवलेत ते विचारलं.

काळा वजीर (कोपरी)

हा प्रतिसाद मी बोलून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझी दृष्टी हळूहळू गेली, आता उजेड-अंधार कळतो इतकंच. मोबाइल टॉकबॅकवर चालतो, म्हणजे पडद्यावरचं तो वाचून दाखवतो, त्यावर ही चर्चा सगळी ऐकली.

वाचनाचं आधी सांगतो. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा मी जुना सभासद, १८९३ पासूनची संस्था, तिथल्या कपाटांमधून फिरण्याचं सुख वेगळंच होतं. त्याला पर्याय मिळालेला नाही, तो मी शोधतही नाही.

बुद्धिबळ मात्र पूर्ण परत मिळालं. आमच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खाली खुंटी, म्हणजे हात फिरवताना डाव विस्कटत नाही. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर छोटं टोक असतं. दोघांचे पट वेगळे, चाल तोंडाने सांगायची. डोळस माणसाशी बरोबरीने खेळता येतं. आमच्या सोसायटीतले देशपांडे काका पट हरायला लागले की म्हणतात, आज लाइट कमी आहे.

नौपाडकर काकांना दुजोरा. कॅरम मी सोडला. लोक 'स्ट्रायकर इथे आहे, सोंगटी तिथे आहे' असं सांगून खेळवायचे. तो खेळ त्यांचा होता. बुद्धिबळात चाल माझी असते.

खारघरची टेकडी

"चाल माझी असते." सुईदोरा ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे असं वाटतं. भाता पुतण्याने मारला तरी सूर पायपेटींचा राहिला. कॅरममध्ये तसं राहिलं नाही.

घोडबंदरची माती

बागकामवाले कुणी नाहीत का? मणक्याच्या दुखण्यामुळे वाकणं बंद. कुंड्या जमिनीवरून उचलून कमरेइतक्या लोखंडी स्टँडवर घेतल्या, मातीत कोकोपीट जास्त घातलं म्हणजे वजन कमी. झारी बंद, नळाला बारीक पाइप. गवती चहा, ओवा, कढीपत्ता आणि एक हट्टी मोगरा. कुंडी बदलायला वॉचमनदादा येतात आणि जाताना ओव्याची पानं नेतात.

पारसिकचा वारा

या स्टँडचा फोटो टाका ना. आणि लोखंडी स्टँड ग्रिलमध्ये ठेवला तर सोसायटी ओरडत नाही का?

घोडबंदरची माती

ग्रिलबाहेर नाही, गॅलरीत आत ठेवलाय. बाहेर ठेवूच नये, खाली माणसं चालतात.

नौपाडकर

विषयांतर करतो. गौरी, तुम्ही ट्रान्स-हार्बर लोकलने दिव्यांगांच्या डब्यातून जाता का? माझा डावा पाय अजून दगा देतो. वाशीला भाच्याचं वादन आहे, जायचंय.

गोल्डन नाक्याची गौरी

जाते काका. गर्दीची वेळ टाळा. ठाण्याला गाडी इथूनच सुटते, त्यामुळे थोडं आधी येऊन शांतपणे बसता येतं, धावत चढायचं नाही. जिना टाळायचा असेल तर लिफ्ट चालू आहे का ते आधी कुणाला तरी विचारून घ्या. आणि डब्यात कुणी धडधाकट बसलेला असला तर सरळ उठवा, संकोच करू नका.

सुईदोरा

सगळ्यांना सांगायला आले.

स्टँड आला, आर्टरी आणली. पहिल्या दिवशी सुईवर नुसते चरे पडले आणि दोरा दोनदा तुटला, कारण मी सुई मध्येच पकडत होते. हळूहळू ताईंना विचारलं, त्यांनी टोकाजवळ पकडायला सांगितलं. मग जमलं. वर डाव्या हाताने सुई सरळ उभी धरायची, खालून आर्टरीने ओढायची. कट्ट असा आवाज होतो. माझ्या शांत कामात हा आवाज नवा आहे, पण आता कानांना सवय होतेय.

इरकलीचे धागे मात्र मोजणं होत नाही. डोळ्यांमुळे नाही, बारीक सुई या पकडीत टिकत नाही म्हणून. मोठ्या नेढ्याची बोथट सुई इरकलीत भोक पाडते. त्यामुळे इरकल मी बाजूला ठेवली. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण काका म्हणाले तसं, सोडण्यालाही मान. मॅटीवर, म्हणजे मोकळ्या विणीच्या जाड कापडावर, सुरू केलंय. भोकं मोठी, टाका मोठा, गोपूर विताएवढं होतं ते आता हातभर होणार. पण मोजणं तेच आहे. तीन धागे वर, तीन खाली, परत येताना रिकाम्या जागा भरत यायचं. मागची बाजू उलटून पाहिली. सारखी आली होती.

घरचे अजून म्हणतात, कशाला दमतेस. त्यांना मी दोन तासांचा नियम सांगितला. आता सुनेचाच गजर लागतो आणि ती हातातून आर्टरी काढून घेते.

एक अडचण राहिलीय. जांभळी नाक्याला मॅटी मिळते पण पांढरी आणि बदामीच. कशिद्याला गडद कापड लागतं, काळी चंद्रकळा डोळ्यांसमोर आहे. काळी किंवा गडद जांभळी मॅटी कुठे मिळेल?

राबोडीची रश्मी

काळी मॅटी माझ्याकडे पडून आहे, दीड मीटर. पडद्याला आणली होती. पाचपाखाडीत कुठे आणून देऊ?

शिल्पा वाशी

मीही पुढच्या आठवड्यात ठाण्याला येतेय. माझ्याकडे आईचे गडद रेशमी दोरे आहेत, लाल आणि नारिंगी. तिच्यामागे कुणी वापरत नाही. चालतील का?

सुईदोरा

रश्मी, घराचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. शिल्पा, चालतील म्हणजे काय, लाल आधी दे. आणि बाबांना म्हणावं, गोपुरामागचं आकाश कसं करतात ते मला सांगा, कशिद्यात आकाश नसतं.